काच, उष्णता आणि स्मृती : मॅजिक लँटर्नच्या काचभागांच्या दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील चलच्चित्राच्या इतिहासाची मांडणी करताना ७ जुलै १८९६ हा दिवस सामान्यतः आरंभबिंदू मानला जातो. या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ल्यूमिएर बंधूंच्या लघुपटांचा खेळ झाला. तथापि पडद्यावर प्रकाशाच्या साहाय्याने चित्र उमटविण्याची विद्या त्यापूर्वी दोन शतकांहून अधिक काळ जगात रूढ होती. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्येच ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने अशा खेळांचा आरंभ केला होता. या विद्येचे साधन म्हणजे मॅजिक लँटर्न, अर्थात जादूचा कंदील.

लँटर्नविषयीचे बहुतेक लेखन शोधकर्ते, खेळ आणि प्रेक्षक यांच्याभोवती फिरते. या साधनाचा सारा व्यवहार ज्या काचेवर चालत असे, ती काच फुटल्यावर काय केले जात असे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः ज्या वस्तू आज आपल्यापर्यंत पोहोचल्या आहेत, त्यांपैकी अनेक कोणीतरी केव्हातरी दुरुस्त केल्यामुळेच टिकल्या आहेत. लँटर्नच्या काचभागांची रचना, त्यांच्या भंगण्याची कारणे आणि दुरुस्तीच्या बदलत गेलेल्या पद्धती यांचा आढावा घेऊन दुरुस्ती ही केवळ तांत्रिक क्रिया नसून ऐतिहासिक निर्णय असतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लँटर्नची घडण : तीन प्रकारची काच

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याच्या १६५९ च्या हस्तलिखितात सांगाड्याची दहा छोटी रेखाटने आढळतात. भिंगांच्या साहाय्याने प्रक्षेपित करावयाची चित्रे म्हणून ती काढलेली होती. लँटर्नचा हा सर्वांत जुना विश्वसनीय पुरावा मानला जातो. त्यानंतर थोमस वालगेनस्टेन या डॅनिश गृहस्थाने युरोपातील अनेक शहरांत लँटर्नचे खेळ केले. अथानासियस किर्शर याच्या ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत लँटर्नचे चित्र छापले गेले. मात्र त्यात चित्राची काच भिंगाच्या पुढे, म्हणजे चुकीच्या जागी दाखविली आहे.

पुढील काळात स्थिरावलेल्या लँटर्नमध्ये तीन प्रकारची काच असे. पहिली, दिव्यालगतचे कंडेन्सर. दोन सपाट-बहिर्वक्र भिंगे फुगीर बाजू समोरासमोर ठेवून पितळी कड्यात बसविलेली असत. दिव्याचा पसरणारा प्रकाश गोळा करून तो चित्रातून पार करणे हे त्यांचे काम. दुसरी, चित्राची काच, म्हणजे स्लाइड. तिसरी, पुढच्या नळीतील प्रक्षेपक भिंगे. योझेफ पेट्सव्हाल याने १८४० मध्ये छायाचित्रणासाठी आखलेली भिंगरचना पुढे लँटर्नमध्येही मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिच्यातील पुढची जोडी कॅनडा बाल्समने चिकटविलेली असते, तर मागच्या जोडीतील दोन भिंगांत हवेची फट राखलेली असते.

स्लाइडचे स्वरूपही काळानुरूप बदलले. प्रारंभी ती केवळ हाताने रंगविली जाई. १८२० च्या दशकात फिलिप कार्पेंटर याने ताम्रपटावरून बाह्यरेषा काचेवर छापून त्यांत रंग भरण्याची पद्धत आणली. फिलाडेल्फियाच्या लँगेनहाइम बंधूंनी १८५० मध्ये काचेवरील छायाचित्रांचे पेटंट घेतले आणि लँटर्नला छायाचित्रणाची जोड मिळाली. ब्रिटिश पद्धतीची स्लाइड ३¼ इंच चौरस असे. चित्राची काच, त्यावर काळ्या कागदाची चौकट, त्यावर आच्छादनाची दुसरी काच आणि चारही कडांना गुंडाळलेली कागदी पट्टी अशी तिची बांधणी होती. अंधारात स्लाइड कोणत्या बाजूने सरकवायची हे कळावे म्हणून तिच्यावर पांढरे ठिपके चिकटविलेले असत.

काच का फुटते?

हातातून पडणे हे काच फुटण्याचे उघड कारण होय. परंतु लँटर्नच्या बाबतीत उष्णता हे त्याहून गंभीर कारण होते. तेलाच्या दिव्यानंतर ‘लाइमलाइट’ आला. ऑक्सिजन व हायड्रोजन यांची ज्योत चुन्याच्या कांडीवर सोडली असता प्रखर पांढरा प्रकाश निर्माण होतो. गोल्ड्सवर्दी गर्नी आणि थॉमस ड्रमंड यांच्या १८२० च्या दशकातील प्रयोगांतून हा दिवा पुढे आला. कांडी वेळोवेळी फिरविली नाही तर तिला खड्डा पडे. मग त्या खड्ड्यातून उलटलेली ज्योत थेट कंडेन्सरवर येऊन त्याला तडा जाई. म्हणजे एका भागाकडे झालेले दुर्लक्ष दुसऱ्या भागाला भोवत असे.

येथे काही मापे विचारात घेणे उद्बोधक ठरेल. साधी सोडा-चुना काच एक अंश सेल्सिअस तापमानवाढीमागे आपल्या लांबीच्या सुमारे ९ दशलक्षांश इतकी प्रसरण पावते. पितळेचे प्रसरण याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १९ दशलक्षांश असते. १०० मिलिमीटर व्यासाचे कंडेन्सर १०० अंशांनी तापले तर काच सुमारे ०.०९ मिलिमीटर वाढते आणि पितळी कडे सुमारे ०.१९ मिलिमीटर. दिवा विझल्यावर पातळ पितळ लवकर निवते, जाड काच मात्र आतून तापलेलीच राहते. कडे घट्ट असेल तर ते काचेला आवळते आणि काच तडकते. म्हणूनच जाणते कारागीर कंडेन्सर कड्यात किंचित सैल बसवीत.

जुने यंत्र प्रथमच हाताळणाऱ्यास भिंगाचा खडखडाट हा दोष वाटतो. तो दूर करण्यासाठी भिंगाच्या कडेला चिकटद्रव्य भरले जाते आणि पहिल्याच वापरात भिंग फुटते. हा सैलपणा दोष नसून योजना होती. जुन्या वस्तूची दुरुस्ती करण्यापूर्वी तिची रचना समजून घेणे किती अगत्याचे असते, याचे हे साधे उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील येना येथे ओटो शॉट याने बोरोसिलिकेट काच विकसित केली. तिचे प्रसरण साध्या काचेच्या जवळपास एक तृतीयांश असते. अशा काचेमुळे कंडेन्सर फुटण्याचे प्रमाण कमी झाले. तोपर्यंत लँटर्न चालविणारे यंत्र आधी हळूहळू तापवून घेणे, झुळुकीपासून जपणे, तसेच दिवा व चित्र यांच्या दरम्यान पाण्याची वा तुरटीच्या द्रावणाची काचपेटी ठेवून उष्णता शोषून घेणे, असे उपाय योजीत असत.

लँटर्नकालीन दुरुस्ती : आजच्या रात्रीच्या खेळासाठी

लँटर्नच्या काळातील दुरुस्तीमागचे तर्कशास्त्र सरळ होते : आज रात्रीचा खेळ झाला पाहिजे. आच्छादनाची काच फुटली तर कडेची पट्टी सोडवून नवी काच लावीत. चित्राच्या काचेलाच तडा गेला असेल तर ती दोन अखंड काचांमध्ये धरून पुन्हा बांधीत. हाताने रंगविलेल्या चित्रातील उडालेला रंग पारदर्शक रंगाने भरून काढीत. पारदर्शकतेची अट असल्याने प्रशियन निळा, किरमिजी लाख अशा मोजक्याच रंगांवर भिस्त असे. भरून काढता न येणारा भाग काळ्या रंगाने झाकून टाकीत, कारण अंधारात काळा भाग दिसत नाही, तडा मात्र दिसतो.

तडा किती दिसतो, याचाही हिशेब मांडता येतो. स्लाइडवरील चित्राची रुंदी सुमारे ३ इंच धरली आणि पडदा १० फुटी असला, तर चित्र ४० पट मोठे होते. पाव मिलिमीटर रुंदीची भेग पडद्यावर एक सेंटिमीटर रुंदीची काळी रेघ होऊन उमटते. देवाच्या मुखावरून अशी रेघ गेली तर प्रेक्षकांची तल्लीनता भंगणारच. त्यामुळे दुरुस्ती ही चैन नव्हती, तर व्यवसायाची गरज होती.

भिंगांची दुरुस्ती अधिक कौशल्याची असे. कॅनडा बाल्सम हा बाल्सम फर या उत्तर अमेरिकेतील वृक्षापासून मिळणारा राळयुक्त स्राव होय. त्याचा अपवर्तनांक काचेच्या अगदी जवळचा असल्याने दोन भिंगांमधील सांधा प्रकाशाला जणू जाणवतच नाही. परंतु वर्षानुवर्षे तापून हा थर पिवळा पडतो, कडेपासून सुटू लागतो आणि भिंगात इंद्रधनुषी वलये दिसू लागतात. अशा वेळी भिंगांची जोडी मंद आचेवर सावकाश तापवून बाल्सम मऊ करीत, भिंगे एकमेकांवरून सरकवून सोडवीत, जुना थर टर्पेंटाइनने पुसून नव्या बाल्समचा थेंब देत आणि मध्य जुळवून जोडी हळूहळू निवू देत. सोडविण्यापूर्वी भिंगांच्या कडेवर पेन्सिलीने खूण करणे आवश्यक असे. पेट्सव्हाल रचनेतील मागच्या जोडीचे एखादे भिंग उलटे बसले तरी पडद्यावरील चित्र धूसर होते, आणि दोष भिंगाचा की बसविणाऱ्याचा हे सहजासहजी कळत नाही.

महाराष्ट्रातील काचचित्रे

‘शांबरिक’ म्हणजे मायावी; हा शब्द पुराणातील शंबरासुराच्या मायेशी जोडला जातो. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या खेळासाठी जे नाव निवडले, त्यातच परकीय यंत्राला देशी परंपरेत रुजविण्याची दृष्टी दिसते. रामायण-महाभारतातील कथा आणि सर्कशीची दृश्ये काचेवर हाताने रंगवून, स्लाइडी चपळाईने बदलून हालचालीचा आभास निर्माण केला जात असे. पटवर्धनांचे पुत्रही या कामात सहभागी होते. या चित्रांचे मोल दुहेरी आहे. ती भारतीय चलच्चित्राच्या पूर्वेतिहासाची साधने आहेत. त्याचबरोबर मराठी चित्रकलेचा एक फारसा न अभ्यासलेला भागही आहेत. छापील स्लाइड फुटली तर तिची दुसरी प्रत कोठेतरी सापडू शकते. हाताने रंगविलेल्या स्लाइडची दुसरी प्रत नसते.

लँटर्नचा दुसरा वापर शिक्षणाचा, आणि कधी सत्तेच्या प्रचाराचाही होता. ब्रिटिश वसाहत खात्याने १९०२ मध्ये दृश्यशिक्षणासाठी एक समिती नेमली. तिच्यासाठी चित्रकार अल्फ्रेड ह्यू फिशर याने १९०७-०८ मध्ये भारतात प्रवास करून छायाचित्रे घेतली व चित्रे काढली. त्यांवर आधारलेली भूगोलतज्ज्ञ हॅलफर्ड मॅकिंडर यांची भारतविषयक आठ व्याख्याने १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. साम्राज्याची प्रतिमा विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्याचे काम या स्लाइडींवर सोपविलेले होते. कल्याणच्या काचचित्रांत आणि लंडनच्या समितीच्या स्लाइडींत तंत्र एकच होते, दृष्टी मात्र परस्परांहून भिन्न होती. दोन्ही जपल्या तरच हा फरक अभ्यासता येतो.

चिकटद्रव्याचा पेच

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुरुस्तीचे तर्कशास्त्र बदलले. चेझारे ब्रांदी यांच्या १९६३ च्या ग्रंथाने संवर्धनाला सैद्धांतिक बैठक दिली. केलेली दुरुस्ती ओळखता यावी आणि पुढील उपचारांच्या आड येऊ नये, हे तत्त्व सर्वमान्य होत गेले. काचेच्या बाबतीत मात्र हे तत्त्व आचरणात आणणे सोपे नाही.

पॅरालॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ संवर्धकांच्या विशेष पसंतीची आहे. ती पिवळी पडत नाही आणि ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळते. परंतु ती सुमारे ४० अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते आणि तिचा अपवर्तनांक सुमारे १.४९ असल्याने सांधा दिसत राहतो. याउलट काचेसाठी खास बनविलेल्या एपॉक्सी राळेचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास, म्हणजे काचेइतकाच असतो. सांधा जवळजवळ अदृश्य होतो आणि टिकतोही. पण तो पुन्हा सोडविणे अत्यंत अवघड असते. शिवाय ॲसिटोनसारखी द्रावके हाताने रंगविलेल्या चित्रातील वार्निश व रंगही विरघळवू शकतात. म्हणजे दुरुस्ती उलटविण्याच्या प्रयत्नात चित्रच नष्ट होण्याचा धोका असतो.

येथे खरा प्रश्न समोर येतो : दुरुस्ती दाखविण्यासाठी करावयाची की राखण्यासाठी? पूर्ववत करता येईल असे चिकटद्रव्य दिव्याच्या उष्णतेत टिकत नाही. उष्णतेत टिकणारे द्रव्य पूर्ववत करता येत नाही. दोन्ही उद्दिष्टे एकाच वस्तूकडून साधत नाहीत. अशा वेळी मूळ स्लाइड प्रक्षेपणातून निवृत्त करणे, तिचे उत्तम डिजिटल चित्र घेणे आणि खेळ त्या प्रतीवरून करणे हाच विवेकाचा मार्ग ठरतो. फुटलेली स्लाइड चिकटद्रव्याविना, दोन नव्या काचांच्या मध्ये तुकडे जुळवून, छायाचित्रांस अपाय न करणाऱ्या कागदी पट्टीने बांधून ठेवता येते. एका परीने ही लँटर्नकालीन कारागिरांचीच पद्धत आहे. फरक इतकाच की ते खेळासाठी बांधीत, आपण जतनासाठी बांधतो.

प्रक्षेपक भिंगे व कंडेन्सर यांच्या बाबतीत निराळा विचार करता येतो. कंडेन्सर हा कारखान्यात बनलेला, बदलता येण्याजोगा भाग आहे. तो बदलून मूळ भाग नोंदीसह जपून ठेवला तर यंत्राच्या ऐतिहासिक मूल्यास बाधा येत नाही. सर्व काचभागांना एकच नियम लावणे म्हणूनच इष्ट नाही.

जुनी दुरुस्ती हाही पुरावा

स्लाइड स्वच्छ करताना जुनी, फाटकी कागदी पट्टी काढून नवी लावावी, असा मोह होतो. परंतु त्या पट्टीवर स्लाइडचा क्रमांक, विक्रेत्याची चिठ्ठी, क्वचित व्याख्यात्याच्या हस्ताक्षरातील टीप असू शकते. एकाच स्लाइडवर दोन निरनिराळ्या पट्ट्या आढळल्या तर ती एकदा फुटून पुन्हा बांधली गेली असे अनुमान करता येते. एखाद्या संचातील ठरावीक स्लाइडीच पुन्हा पुन्हा दुरुस्त झालेल्या आढळल्या, तर त्या अधिक वेळा दाखविल्या गेल्या असे मानण्यास आधार मिळतो. प्रेक्षकांच्या आवडीविषयी लिखित साधने मौन पाळतात तेथे ही पट्टी बोलते. तिला फेकून देणे म्हणजे दस्तऐवजाचे पान फाडण्यासारखेच आहे.

महाविद्यालयांची जबाबदारी

हा विषय संग्रहालयांपुरता मर्यादित नाही. जुन्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल वा इतिहास विभागांच्या कपाटांत काचेच्या स्लाइडींच्या पेट्या, स्लाइड प्रोजेक्टर आणि एपिडायस्कोप आजही आढळतात. डेडस्टॉक नोंदवहीत त्यांची नोंद एका ओळीची असते आणि निर्लेखनाच्या वेळी त्या भंगारात जातात. यंत्राला दर मिळतो, काचेला तोही मिळत नाही.

निर्लेखनापूर्वी काही साध्या गोष्टी विभागीय पातळीवर करता येतील. स्लाइडी आडव्या रचून न ठेवता खाचांच्या पेटीत कडेवर उभ्या ठेवाव्यात. फुटलेल्या तेवढ्या आडव्या ठेवाव्यात. चित्राच्या बाजूस पाणी वा काच पुसण्याचे द्रव लावू नये, कारण छायाचित्राचा थर जिलेटिनचा असतो आणि तो पाण्याने फुगतो. कोकणासारख्या दमट हवेत जिलेटिनवर बुरशी लवकर येते, म्हणून पेट्या कोरड्या व हवेशीर जागी असाव्यात. एपिडायस्कोपच्या आरशाचा परावर्तक थर बहुधा काचेच्या पुढच्या बाजूस असतो. तो फडक्याने पुसल्यास निघून येतो. जुन्या यंत्रांच्या आत ॲसबेस्टॉसचे अस्तर असण्याची शक्यता असल्याने ती जाणकाराविना उघडू नयेत. प्रत्यक्ष उपचारांसाठी लखनौ येथील राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन अनुसंधानशाला, तसेच मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र यांसारख्या संस्थांचा सल्ला घेता येईल.

या कामाला आंतरविद्याशाखीय स्वरूप आहे, हेही लक्षात घ्यावे. काचेचा अपवर्तनांक भौतिकशास्त्राचा, राळेचा स्वभाव रसायनशास्त्राचा, चित्राचा विषय इतिहास व साहित्याचा, तर बुरशी सूक्ष्मजीवशास्त्राचा विषय आहे. एका पेटीतील स्लाइडींची वर्णनात्मक सूची करणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प होऊ शकतो.

निष्कर्ष

१. मॅजिक लँटर्नच्या काचभागांचे भंगणे हे बहुतांशी उष्णता आणि काच-धातूच्या विषम प्रसरणाशी निगडित होते. मूळ रचनेतील सैलपणासारख्या योजना समजून न घेता केलेली दुरुस्ती हानिकारक ठरते.

२. लँटर्नकालीन दुरुस्तीचा हेतू प्रयोग पार पाडणे हा होता, तर आधुनिक संवर्धनाचा हेतू पुरावा राखणे हा आहे. उपलब्ध चिकटद्रव्यांच्या मर्यादांमुळे हे दोन हेतू एकाच स्लाइडवर एकत्र साधणे कठीण आहे. म्हणून दाखविण्यासाठी प्रत आणि अभ्यासासाठी मूळ, अशी विभागणी आवश्यक ठरते.

३. जुन्या दुरुस्तीच्या खुणा हा वापराच्या इतिहासाचा पुरावा असून नव्या दुरुस्तीपूर्वी त्यांची नोंद घेणे अनिवार्य मानले पाहिजे.

४. महाविद्यालयांतील प्रक्षेपण-साहित्याचे निर्लेखन केवळ उपयुक्ततेच्या निकषावर न करता ऐतिहासिक मूल्याच्या निकषावरही तपासले जावे.

पटवर्धनांच्या खेळाला जमलेल्या प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिले ते प्रकाशाचे चित्र क्षणार्धात विरून गेले. मागे उरली ती हातात मावेल एवढी काच. त्या काळच्या दृश्यसंस्कृतीचा अभ्यास करावयाचा तर तिच्यापासूनच आरंभ करावा लागेल, आणि त्यासाठी ती प्रथम शाबूत राहिली पाहिजे.